पडद्यावाचून संगणक

संगणक म्हटला, की प्रथम डोळ्यांपुढे येतो तो त्याचा पडदा. परंतु घरगुती संगणकांच्या आरंभीच्या काळात त्यांतील कित्येकांना स्वतःचा पडदाच नसे. ब्रिटनमध्ये एप्रिल १९८२ मध्ये जाहीर झालेला ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा त्यांपैकीच एक होय. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने तो तयार केला. पुस्तकाएवढी काळी पेटी, तिच्यावर रबराच्या चाळीस कळा आणि किंमत १२५ पौंडांपासून पुढे! पडदाही बरोबर द्यावयाचा, तर ही किंमत कितीतरी वाढली असती आणि सामान्य घरांतील मुलांच्या हाती तो संगणक पडलाच नसता. मात्र दूरचित्रवाणी संच बहुतेक घरांत होता. तेव्हा पडदा त्याचाच उसना घ्यावयाचा, असे ठरले.

पण यात एक अडचण होती. त्या काळच्या बहुतेक घरगुती संचांत बाहेरून चित्र आत येण्यास एकच वाट असे, ती म्हणजे अँटेनाची खोबण. तिच्यातून येणाऱ्या रेडिओलहरीच काय त्या संचाला समजत. संगणकाजवळ तर चित्राचे नुसते विद्युत्संकेत होते. प्रवाशाला जसे वाहन लागते, तशी या संकेतांना लहर हवी होती. ते काम संगणकातील पत्र्याची एक लहानशी डबी करी. तिला ‘मॉड्युलेटर’ म्हणतात. सेकंदाला सुमारे ५९ कोटी आंदोलने होणारी लहर निर्माण करून ही डबी तिच्यावर चित्राचे संकेत चढवीत असे. या लहरीचे स्थान ३६ व्या चॅनेलवर होते, आणि ब्रिटनमध्ये त्या चॅनेलवर तेव्हा दूरचित्रवाणीचे कार्यक्रम प्रक्षेपित होत नसत. म्हणजे स्पेक्ट्रम हे जणू एक चिमुकले प्रक्षेपण केंद्रच होते; त्याचे प्रक्षेपण मात्र एका तारेपुरतेच!

जोडणी सोपी होती. संचातून अँटेनाची तार काढून तिच्या जागी संगणकाची तार बसवावयाची, आणि एखादे मोकळे बटण निवडून त्याची लहानशी चकती हलके हलके फिरवावयाची. आरंभी पडद्यावर नुसत्या पांढऱ्या ठिपक्यांची खळबळ दिसे. मग एकाएकी पडदा स्वच्छ होई आणि तळाशी सिंक्लेअर कंपनीचे नाव व १९८२ हे वर्ष उमटे. जोडणी साधली, याची ती खूण.

घरात संच एकच असला, म्हणजे बातम्यांच्या वेळी तो वडीलधाऱ्यांच्या स्वाधीन करावा लागे. तेवढ्यापुरती संचाची तार काढली, तरी स्मृतीतील काम शाबूत राही. विजेची तार निघाली, तर मात्र सारेच पुसले जाई.

ब्रिटनमधील जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण २०१२ मध्ये संपले. आजच्या अनेक संचांना केवळ अंकीय संकेत कळतात. त्यामुळे संगणक धडधाकट असूनही पडदा कोराच राहतो. यावर जाणकारांनी चांगला उपाय शोधला आहे. मॉड्युलेटरला बगल देऊन, लहरीवर चढण्यापूर्वीच चित्राचा संकेत वेगळ्या तारेने बाहेर आणावयाचा, आणि संचाला तोही कळत नसेल, तर मध्ये एक परिवर्तक बसवावयाचा. स्पेक्ट्रमचे चित्र आडवे २५६ व उभे १९२ ठिपक्यांचे असते. आजच्या मोठ्या पडद्यावर त्यांतील एकेक ठिपका मोहरीच्या दाण्याएवढा दिसतो.