थेंब कुठला, आवाज कुठला: जुनी पिकअप घेण्यापूर्वी

लासलगावच्या कांद्यापासून नारायणगावच्या टोमॅटोपर्यंत शेतमाल वाहणारी पिकअप दुसऱ्या मालकाकडे येते, तोवर तिने बरेच ओझे वाहिलेले असते. बोलेरो पिकअप असो की टाटा योद्धा, मांडणी साधारण एकच: पुढे डिझेल इंजिन, त्याला लागून क्लच आणि गिअरबॉक्स, खालून मागे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट, मागच्या एक्सलवर डिफरन्शियल आणि एक्सलला बांधलेले पाटे. ही मांडणी डोक्यात पक्की असेल तर गळतीचा निम्मा शोध तिथेच लागतो, कारण प्रत्येक तेलाची जागा ठरलेली आहे.

धुतलेले इंजिन

विकायला काढलेल्या गाडीचे इंजिन बहुधा धुऊन चकचकीत केलेले असते, आणि धुतल्यावर गळतीच्या खुणाही जातात. म्हणून गाडी उभ्या-उभ्या बघून व्यवहार करू नका. वीस-पंचवीस किलोमीटर फिरवा, सपाट जागी लावा, इंजिनपासून मागच्या एक्सलपर्यंत खाली कोरे पुठ्ठे सरकवा आणि तासभर थांबा. पुठ्ठ्यावर चाकांच्या जागा पेनाने खुणावून ठेवा. म्हणजे थेंब गाडीच्या नेमक्या कोणत्या भागाखाली पडला ते नंतर सांगता येते. निव्वळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नका.

रंग, वास आणि जागा

स्वच्छ पाण्याचा थेंब, तोही एसी चालवल्यावर, असेल तर काळजी नाही. इंजिन ऑइल डिझेल गाडीत बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे पडते, त्यामुळे नुसत्या काळ्या रंगाने घाबरायचे कारण नाही. गिअर ऑइल जास्त घट्ट असते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. कूलंट हिरवे, लाल किंवा गुलाबी, बोटाला किंचित चिकट आणि वासाला गोडसर. ते विषारी आहे; अंगणात सांडले तर कुत्रे-वासरू चाटण्याआधी धुऊन टाका. पॉवर स्टीअरिंगचे तेल बऱ्याचदा लालसर असते. डिझेल वासावरूनच कळते.

ब्रेक ऑइल फिकट पिवळे, पातळ, आणि रंगावर पडले तर रंग सोलणारे. चाकाच्या आतल्या बाजूला ते ओघळलेले दिसले तर गाडी चाचणीलाही रस्त्यावर काढू नका. बाकीच्या गळत्या खिशाला लागतात, ही जिवावर बेतते.

थेंब पडतो तिथेच गळती असते असे नाही. चालत्या गाडीत वारा तेलाला मागे ढकलतो, म्हणून मूळ बहुधा थेंबाच्या वर आणि पुढे सापडते. टॅपेट कव्हरचे पॅकिंग गेले तरी तेल ओघळत इंजिनच्या मागे येते, आणि पाहणाऱ्याला वाटते मागचे मोठे सील गेले. पॅकिंगचे काम थोडक्यात होते. मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून भाग पुसून कोरडा करा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवा. पावडरीवर ओल जिथून सुरू होते, तीच खरी जागा. हे करताना फॅन आणि बेल्टपासून हात, बाही, उपरणे दूर ठेवा. डिझेलच्या बारीक पाइपांवरून तर चालू इंजिनात बोट अजिबात फिरवू नका. कॉमन रेल इंजिनात त्यांतल्या डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो आणि त्या धारेने कातडी भेदली जाते.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखालून ठिबकत असेल तर बोटावर घेऊन वास घ्या. इंजिन ऑइल असेल तर इंजिनचे मागचे सील, गंधकाचा वास असेल तर गिअरबॉक्सचे पुढचे सील, आणि ब्रेक ऑइल असेल तर क्लचच्या सिलिंडरकडे बघा.

मागच्या एक्सलमधून तेल येत असेल तर सील बदलण्याआधी एक्सलवरचा छोटा ब्रीदर तपासा. शेतातल्या चिखलाने तो बुजतो, आत दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर पडते. ब्रीदर साफ करायला काहीच खर्च नाही, तरी हे पाहायचे राहून जाते.

कुठेच थेंब नाही, पण कूलंट कमी होते आहे, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधी गाळ दिसतो, तर हेड गॅसकेटचा संशय घ्या. गरम रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नका.

आवाज कशाबरोबर बदलतो?

आवाजाचे वर्णन करण्यापेक्षा तो केव्हा बदलतो ते पाहणे उपयोगाचे. गाडी उभी असताना अॅक्सिलरेटरबरोबर वाढतो तो इंजिनचा. त्यातही वरची हलकी टिकटिक टॅपेटची असू शकते. खालून, ओझ्यावर येणारी जड ठकठक कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची असेल, तर इंजिन उघडावेच लागेल. चालू इंजिनचे ऑइलचे झाकण काढल्यावर धुराचे जोरदार फुत्कार आले तर मिस्त्री म्हणतात, ‘बॅक कॉम्प्रेशन आहे’, म्हणजे रिंगा-पिस्टन झिजलेले. असे इंजिन असेल तर किंमत त्या हिशेबानेच बोला.

न्यूट्रलमध्ये क्लच दाबल्यावर घरघर सुरू होते तेव्हा रिलीज बेअरिंग. दाबल्यावर उलट थांबते तेव्हा गिअरबॉक्समधले पुढचे बेअरिंग.

गाडीच्या वेगाबरोबर वाढणारी घूंघूं चाकाची, टायरची किंवा डिफरन्शियलची. मोकळ्या रस्त्यावर हलके डावीकडे वळा. तेव्हा भार उजव्या चाकांवर येतो. आवाज वाढला तर उजव्या बाजूचे बेअरिंग, उजवीकडे वळताना वाढला तर डावीकडचे. वळण्याने फरक पडत नाही, पण अॅक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना सूर बदलतो, तर क्राऊन-पिनियन. पुढचा गिअर सोडून रिव्हर्स टाकताना ठक्क वाजले, हळू चालताना चिवचिवाट आला, तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस. तो वेळेत बदलला नाही तर शाफ्ट रस्त्यात सुटू शकतो. पाट्यांची कचकच बहुधा बुश आणि शॅकलची असते; पण तुटलेला पाटा आणि ढिला यू-बोल्ट डोळ्यांनी पाहून घ्या.

रिकाम्या हौद्याचा भरवसा नाही

रिकामी पिकअप बरेच काही लपवते. मागचे पाटे दबलेले नसतात, इंजिनावर ताण नसतो, आणि ज्या दोषांमुळे घाटात गाडी थांबते ते गप्प राहतात. मालकाला विचारून हौद्यात ठरावीक क्षमतेच्या आतला माल भरा आणि एखाद्या चढावर चालवा. तापमानाचा काटा वर सरकतो का, गिअर निसटतो का, चढावर क्लच घसरून इंजिन नुसतेच पळते का, ते तिथे कळते. उतरल्यावर चारही चाकांच्या हबजवळ तळहात न टेकवता नुसता धरून बघा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापले असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक, आणि ते चाक उघडून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.