नखांची साक्ष

2024 च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अकस्मात गळू लागले, आणि पुढे एप्रिल 2025 मध्ये त्याच परिसरातील ग्रामस्थांची नखे खडबडीत होऊन, तडकून, काहींची तर समूळ निखळून पडू लागली, तेव्हा आपण निष्काळजीपणे कापून टाकतो त्या नखाकडे साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष वेधले गेले. रुग्णांच्या रक्तात सेलेनियमचे प्रमाण वाढलेले आढळले, आणि वैद्यक संशोधक डॉ. हिंमतराव बावसकर यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. केस आणि नख ही दोन्ही केराटिन या प्रथिनाचीच घडण असल्यामुळे एकाला बाधणारे द्रव्य दुसऱ्यालाही बाधू शकते. मात्र नख सावकाश वाढत असल्याने त्याची साक्ष उशिरा मिळते.

हाताचे नख महिन्याकाठी सुमारे 3 मिलिमीटर वाढते. कठीण ज्वरात ही वाढ काही काळ खुंटली, तर नखांवर आडवा चर उमटतो, ज्याचे वर्णन फ्रेंच वैद्य बो यांनी 1846 साली केले. हा चर मुळापासून 6 मिलिमीटर पुढे सरकलेला दिसला, तर दुखणे सुमारे दोन महिन्यांपूर्वीचे समजावे.

रेल्वे कारखाना असलेल्या मनमाडसारख्या श्रमजीवी गावात अधिक महत्त्वाचे लक्षण म्हणजे चमच्यासारखे खोलगट झालेले, पाण्याचा थेंब टाकला असता तो वर ठरून राहील असे नख. लोहाच्या कमतरतेचे ते एक परिचित चिन्ह होय, आणि 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. तथापि रेल्वे कारखान्यातील कामगाराचे नख तेलाने, रसायनाने वा घर्षणानेही तसे होऊ शकते. म्हणून नखाची साक्ष नोंदवावी, परंतु निवाडा रक्ततपासणीवर सोपवावा.

नखांवरील पांढऱ्या ठिपक्यांचा दोष सर्रास कॅल्शियमच्या कमतरतेवर ठेवला जातो. बहुधा ते किरकोळ आघाताचे असतात. याउलट बोटांची टोके फुगून नखे गोलाकार होऊ लागली, तर फुप्फुसाची व हृदयाची तपासणी अगत्याची ठरते. एकाच नखाखाली नव्याने उमटून रुंदावत जाणारी काळी रेघ तर मुळीच दुर्लक्षू नये, कारण क्वचित ती कर्करोगाची असते.

घरातील प्रत्येकाचे पथ्यपाणी सांभाळणारी स्त्री स्वतःचा थकवा मात्र वर्षानुवर्षे अंगावर काढते. तिची नखे फिकट वा खोलगट दिसली, तर घरच्यांनीच पुढाकार घेऊन, नखरंग पुसून, तिला उपजिल्हा रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासण्यास न्यावे.