चार्ज कुणाकडे?

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्या कारभाराखाली गेल्या. पुढच्या दशकांत वाड्यावस्त्यांपर्यंत शाळा पोहोचल्या, त्यातल्या कित्येक एकशिक्षकी. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक हवेत असे ठरवले. त्या दोघांतल्या ज्येष्ठाकडे मुख्याध्यापकपदाचा 'चार्ज' आला. वर्ग सांभाळून टपाल, दाखले, हजेरी आणि नंतर खिचडीचा हिशेबही त्यानेच पाहायचा.

नव्वदच्या दशकात केंद्रप्रमुख नेमले गेले, ते आसपासच्या शाळांना शिकवण्यात मदत व्हावी म्हणून. प्रत्यक्षात त्यांचा बराच वेळ 'माहिती तातडीने पाठवा' यातच गेला.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. पहिली ते पाचवीची शाळा गावाजवळ हवी, व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, ही मोठीच उपलब्धी. पण याच कायद्याच्या परिशिष्टानुसार प्राथमिक शाळेला मुख्याध्यापक मिळतो तो पट दीडशेच्या वर गेला तर. म्हणजे बाजारगावच्या भरलेल्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक. ऊसतोडीला जाणाऱ्यांची, घरात पहिल्यांदाच पाटी पाहणारी मुले जिथे शिकतात, तिथे प्रभारी. विषमता म्हणतात ती अशी, परिशिष्टातल्या एका आकड्यातही असते.

मुख्याध्यापकाच्या पदाशिवायही नेतृत्व उभे राहते हे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटने, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांच्या गटाने, दाखवले. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे तपासणीची वही बाजूला ठेवून शिक्षकांसोबत मुलांच्या शिकण्याकडे पाहू लागल्या. राज्यभरातून शिक्षक ते बघायला आले. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासननिर्णय निघाला, आणि मग जिकडेतिकडे वर्गांच्या फरश्या रंगल्या. रंग महिन्याभरात लागतो; अधिकाऱ्याने वर्गात मांडी घालून बसायची सवय मात्र शासननिर्णयाने लागत नाही.

२०१७ च्या अखेरीस कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करून मुले जवळच्या शाळेत पाठवायचे ठरले. कारण दिले गुणवत्तेचे. पट का घसरला? काही ठिकाणी गावेच रिकामी झाली, काही ठिकाणी इंग्रजी शाळेची गाडी दारात येऊ लागली. पण त्या शाळांत किती वर्षे चार्ज नुसताच या हातातून त्या हातात फिरत होता, हे कुणी विचारल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.