तारा की ग्रह? तपकिरी बटूंचा शोध

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण व्याख्या म्हणजे काय, हे पाहिलं. आज तोच प्रश्न आकाशाला विचारू. तारा कशाला म्हणायचं? ज्याच्या गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम होत राहतं, त्याला. त्यासाठी गुरू ग्रहाच्या साधारण 75 पट वस्तुमान लागतं. याहून हलके गोळेही बनतील, पण त्यांची भट्टी टिकून पेटणार नाही, हे भारतात जन्मलेल्या शिव कुमार यांनी 1963 मध्ये गणिताने दाखवलं. 1975 मध्ये जिल टार्टर यांनी त्यांना 'तपकिरी बटू' हे नाव दिलं. प्रत्यक्षात ते सापडले 1995 मध्ये.

आता भट्टीच नाही, तर ते दिसतात कसे? आकुंचन पावताना जी उष्णता साठते, तिच्यावर. म्हणजे नवी मिळकत नाही, शिलकीवर संसार. वय वाढतं तसे ते निवत, मंदावत जातात. म्हणून त्यांना तरुणपणीच गाठायचं, तारे जन्मतात त्या ठिकाणी. मृग नक्षत्रातला तेजोमेघ असाच आहे: अंतर सुमारे 1,300 प्रकाशवर्षं, ताऱ्यांचं वय काही लाख ते काही दशलक्ष वर्षं. तिथल्या धुळीतून वाट काढणाऱ्या अवरक्त किरणांत आपण शोध घेतो.

पण मंद, लाल ठिपका दिसला म्हणजे बटू सापडला असं नव्हे. धुळीमागचा एखादा दूरचा ताराही तसाच दिसतो. म्हणून वर्णपट घ्यायचा. त्यात पाण्याच्या वाफेच्या खुणा दिसल्या, तर गोळा थंड आहे. सोडियम-पोटॅशियमच्या रेषा फिक्या असतील, तर पृष्ठभागावर गुरुत्व कमी, म्हणजे तो अजून फुगलेला, तरुण आहे.

मग वस्तुमान? इथे खरी मेख आहे. तरुण हलका बटू आणि म्हातारा जड बटू सारखेच तेजस्वी असू शकतात. वय कळल्याशिवाय वस्तुमान कळत नाही, आणि वय आपण त्याच्या भावंडांवरून, म्हणजे त्याच समूहातल्या ताऱ्यांवरून ठरवतो. तो अंदाज चुकला की 'बटू'चा 'तारा' होतो.

खालची हद्दही अशीच. 13 गुरूंएवढ्या वस्तुमानाखाली ड्युटेरियमही जळत नाही. 2000 मध्ये मृगातल्याच सिग्मा ओरायनिस समूहात त्याहून हलके, एकटेच फिरणारे गोळे जाहीर झाले. वजनाने ग्रह, पण कुठल्या ताऱ्याभोवती फिरत नाहीत. मग त्यांना ओळखायचं कशावरून, आज ते काय करतात यावरून की जन्मले कसे यावरून? आपला कल जन्माकडे आहे. पण जन्म कुणी पाहिलेला नसतो, वजन मात्र अंदाजाने का होईना काढता येतं. ही अडचण घेऊनच पुढच्या वेळी भेटू.