मेम्फिस स्लिम
मेम्फिस स्लिम : (३ सप्टेंबर १९१५–२४ फेब्रुवारी १९८८). ब्लूज व ऱ्हिदम अँड ब्लूज या संगीतप्रकारांतील अमेरिकन कृष्णवर्णीय गायक, पियानोवादक व गीतकार. मूळ नाव जॉन लेन चॅटमन. जन्म टेनेसी राज्यातील मेम्फिस येथे. शिकागोस आल्यावर त्याने काही काळ बिग बिल ब्रून्झीला पियानोची साथ केली व पुढे सॅक्सोफोनप्रधान असा स्वतःचा वाद्यवृंद उभारला. जुन्या गीताच्या आधारे त्याने रचलेले ‘नोबडी लव्ह्‌ज मी’ हे गीत ‘एव्हरी डे आय हॅव द ब्लूज’ या नावाने सर्वतोमुखी झाले, ते मात्र लोवेल फुलसन, बी. बी. किंग, जो विल्यम्स यांच्या कंठांतून. १९६० मध्ये विली डिक्सनसमवेत तो प्रथम यूरोपात गेला आणि १९६२ पासून पॅरिसमध्ये स्थायिक झाला. मायदेशी मुख्यतः मद्यगृहांत रमलेल्या या संगीताला तेथे जाणकार श्रोता लाभला. फ्रेंच शासनाने त्याचा कलाक्षेत्रातील सन्मान देऊन गौरवही केला. पॅरिस येथेच त्याचे निधन झाले; दफन मात्र मेम्फिस येथे करण्यात आले.