चाकवत कुळातील भाज्या आणि पाने गुंडाळणारी अळी

चाकवत, पालक, चंदनबटवा आणि बीट ही एकाच वनस्पतिकुळातील भावंडे होत. माठ व राजगिरा यांचे कुळ पूर्वी वेगळे मानले जाई; १९९८ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी मांडलेल्या नव्या वर्गीकरणात ही दोन्ही कुळे एकत्र करण्यात आली. हे नाते कीटकांनी मात्र फार पूर्वीच ओळखले होते. माठावरील अळी पालकावर आणि पालकावरील अळी चाकवतावर सहज जगते.

पालकाच्या पानांत कीटकांच्या कात टाकण्याच्या क्रियेत बिघाड घडविणारी द्रव्ये असतात. हे त्या वनस्पतीचे संरक्षक कवचच होय. तथापि काही कीटक या कवचाला दाद देत नाहीत.

किडीची ओळख

यांपैकी प्रमुख शत्रू म्हणजे पाने गुंडाळणारी अळी. फाब्रिसियस या शास्त्रज्ञाने १७७५ साली या किडीचे प्रथम वर्णन केले. तिचा पतंग गडद तपकिरी असून पंखांवर पांढरे पट्टे असतात. मादी पानाच्या खालच्या बाजूस शिरांलगत अंडी घालते. हिरवट अळी रेशमासारख्या धाग्याने पान गुंडाळते आणि आत सुरक्षित राहून हिरवा भाग खरवडून खाते. पानाचा केवळ जाळीदार पापुद्रा उरतो. पुढे ती जमिनीत कोषावस्थेत जाते. याखेरीज मावा रस शोषतो, तर नागअळी पानाच्या आत नागमोडी पोखरण करते.

उपाययोजना

पालेभाजी अल्पावधीत काढणीस येते आणि पानच खाल्ले जाते. त्यामुळे काढणीच्या तोंडावर केलेली विषारी फवारणी थेट ताटात पोहोचते. म्हणून पहिला उपाय हातांचा असावा. गुंडाळलेली पाने अळीसह तोडून नष्ट करावीत. बांधावरील रानमाठ व रानचाकवत उपटावे. कारण पीक नसताना कीड तेथेच आसरा घेते. काढणीनंतर जमीन खणल्यास कोष उघडे पडतात व पक्षी ते टिपतात. प्रादुर्भाव दिसताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५ किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात आणि वस्त्रगाळ अर्कात पाणी घालून तो १०० लिटर करावा. मावा खाणारे ठिपकेदार लेडीबर्ड भुंगेरे मित्र समजून राखावेत.

शाळेच्या परसबागेत पानाची खालची बाजू पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लावता येईल. ग्रामपंचायतींनीही हा विषय ग्रामसभेत मांडल्यास भाजी वाचेल आणि ती खाणाऱ्यांचे आरोग्यही.