पॉलिश खरवडण्याआधी

श्रावण लागला की कणकवलीच्या आसपासच्या घरांना चतुर्थीचे वेध लागतात. भिंतींना रंग लागतो, माटवीची जुळवाजुळव सुरू होते आणि चाकरमानी यायच्या आत पणजोबांचा पेटारा, माजघरातलं फडताळ, ओटीवरचा झोपाळा ‘नवा’ करून घ्यायचा बेतही याच दिवसांत ठरतो. बेत प्रेमापोटीच ठरतो. पण जुन्या लाकडावर पॉलिश चढवायला पावसाळ्याइतका वाईट हंगाम दुसरा नाही. लाखेच्या पॉलिशमधलं स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला दमटपणा त्यावर धरतो आणि थर पांढुरका पडतो. तुळशीचं लग्न झाल्यापासून होळीपर्यंतचे कोरडे महिने या कामाचे.

हंगाम चुकला तर एक वेळ सावरता येतं. मुळावर येतो तो दुसराच समज: काळपट रंग म्हणजे साठलेला मळ, तो खरवडला की आतून ‘खरं’ लाकूड निघतं.

कोकणातल्या जुन्या सामानात सागवान आणि शिसव आहेच, पण फणसाचं लाकूडही भरपूर आहे. फणसाचा ताजा गाभा हळदीसारखा पिवळाधमक असतो. त्यात रंगद्रव्यं इतकी असतात की थायलंडमधले अरण्यवासी बौद्ध भिक्खू त्याच्या ढलप्या उकळून आपली चीवरं रंगवतात. उजेड आणि हवा लागून हाच पिवळा रंग वर्षानुवर्षं गडद होत जातो आणि शेवटी तांबूस तपकिरी होतो. हा गडदपणा फक्त वरच्या पातळ थरात असतो. सँडिंग मशीन दोनदा फिरलं की तो गेला. मग घरात ओरड होते, “शिसवाचा म्हणान सांगल्यानी, आणि ह्या तर फणसाचा निघाला!” पिवळेपणा झाकायला वरून गडद डाय मारला जातो, त्याखाली लाकडाच्या रेषा बुजतात, आणि दोन पिढ्यांनी मिळवलेला रंग एका दुपारी नाहीसा होतो. तो परत आणायचा तर पुन्हा तितकीच वर्षं थांबावं लागतं.

पॉलिश निस्तेज झालं म्हणजे ते मुळापासून काढायलाच हवं, हेही खरं नाही. जुन्या सामानावर बहुधा चपडा लाखेचं पॉलिश असतं. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढणाऱ्या कीटकाची ही लाख स्पिरिटमध्ये विरघळते. ओळखायची रीत सोपी आहे. मागच्या किंवा खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा थोडा वेळ टेकवून ठेवायचा. थर चिकट झाला आणि कापूस तपकिरी झाला, तर ती लाख. अशा थरावर आधी धूळ आणि जुनं मेण साफ करून लाखेचा पातळ नवा हात दिला, तर नवं पॉलिश जुन्यात मुरून एकजीव होतं. कपाच्या बुडाचा पांढरा डागही अनेकदा एवढ्यानेच जातो. पीयू पॉलिशचं तसं नाही. ते टणक असतं, पाण्याला दाद देत नाही; पण चरा पडला तर तेवढाच भाग बेमालूम जुळवणं फार अवघड जातं.

तैलरंगाचे थर चढलेलं कपाट असेल, तर सावधगिरी आणखी वाढवायला हवी. कॉस्टिक सोड्याने रंग निघतो हे खरं, पण त्याने लाकडाचे तंतू पिंजतात, सागवान काळवंडतं, आणि सोडा सांध्यात राहिला तर नवं पॉलिश धरत नाही. कोरडं घासणं त्याहून घातक. घरगुती रंगातल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० ची मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीच्या थरात शिसं असू शकतं असंच धरून चालावं, कारण त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. रंग काढायच्या द्रावणांतलं मिथिलीन क्लोराइड बंद खोलीत जिवावर बेततं. अशी द्रावणं किरकोळ ग्राहकांना विकायला अमेरिकेने २०१९ मध्ये बंदी घातली.

फटींची घाईही नडते. आषाढात कपाटाचं दार अडतं म्हणून रंधा मारला जातो, आणि फाल्गुनात तिथेच बोट जाईल एवढी फट पडते. लाकूड आडव्या अंगाने फुगतं आणि आकसतं. जुन्या सुतारांना हे ठाऊक होतं, म्हणून चौकटीतली फळी ते चिकटवत नसत, खाचेत मोकळी ठेवत. त्या खाचेत लांबी भरली किंवा फळी फेविकॉलने जाम केली, की पुढच्या पावसाळ्यात ताण थेट फळीवर येतो आणि ती तडकते. जुना सरस गरम पाण्याने सुटतो, सांधा न मोडता उकलता येतो. नव्या चिकट्याने जोडलेला सांधा उकलताना बहुधा लाकूडच फाटतं.

खाली पीठ पडलं की लोक वाळवी म्हणतात. वाळवी सहसा मातीचे बोगदे करत येते. बारीक पीठ आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं ही भुंगेऱ्यांची खूण. त्यातल्या पीठकिड्यांना सालीजवळचं फिकट, पिष्टमय लाकूड लागतं, त्यामुळे पक्क्या गाभ्याची वस्तू बरीचशी सुरक्षित असते. भोकं जुनी आहेत की कीड जिवंत आहे, हे आधी खाली काळा कागद पसरून पाहावं. ताजं पीठ पडत नसेल तर औषध कशाला?

आणि एक प्रकार असा, ज्याला पॉलिशवाल्याचा हात मुळीच लागू नये. कणकवलीहून महामार्गाने कुडाळ ओलांडलं की सावंतवाडी. तिथल्या चितारआळीतले रंगवलेले पाट, चौरंग, देव्हारे जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत आहेत. तिथली गंजिफा आणि लाखकामाची कला विसाव्या शतकात विझत आली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागिरांना जागा देऊन ती जगवली. या वस्तूंवरची फुलांची किनार किंवा दशावतार हा लाकडावरचा रंगाचा पातळ थर आहे, आणि रोगण बहुधा त्याच्या वर आहे. वर सांगितलेली स्पिरिटची परीक्षा इथे करू नये, ओलं फडकंही नको. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी, रंगाचे पोपडे सुटत असतील तर तिथे हात थांबवावा आणि वस्तू आहे तशी चितारआळीतल्या जाणत्या कारागिराला दाखवावी.